पाचवा ठोका

‘चालतंय की’ असं कुणी म्हणालं की माझं डोकं आजही फिरतं. सोलापुरात राहून या दोन शब्दांवर चिडायचं म्हणजे उन्हावर चिडण्यासारखं आहे, हे मला कळतं. नळाला चार दिवसांनी पाणी येतं, चालतंय की. एसटीच्या खिडकीला काच नाही, चालतंय की. घरचे म्हणतात, म्हातारपणी तुझी चिडचिड वाढलीय. वाढलेली नाही. ती तेवढीच आहे, फक्त पूर्वी मी ती गिळायची. एका बाईची तिच्या बापाशी शेवटची भेट या ‘चालतंय की’पायी हुकली, आणि जिच्यामुळे हुकली ती चिठ्ठी माझ्या अक्षरात होती. घरच्यांनी ही गोष्ट शंभरदा ऐकलीय, म्हणून त्यांच्यासाठी ती जुनी झाली. माझ्यासाठी नाही झाली.

सत्तरच्या दशकाच्या मधली ही वर्षं. मी मूळची करमाळ्याची. मॅट्रिक झाले, टायपिंगची परीक्षा दिली, लग्न होऊन सोलापुरात आले आणि एका कापड गिरणीच्या कचेरीत लागले. गिरणी इथे, मालकांची मोठी कचेरी मुंबईला. मध्ये भाड्याने घेतलेली एक वायर आणि वायरीच्या दोन टोकांना एकेक टेलिप्रिंटर. मुंबईत कुणी बटणं दाबली की आमच्या खोलीतलं मशीन खडखड करत तीच इंग्रजी अक्षरं कागदावर छापायचं. ते मशीन माझ्या ताब्यात होतं. खोली वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली. एप्रिल-मेमध्ये दुपारी टेबलावर कोपर टेकवता यायचं नाही. खोलीत एक पंखा होता. पहिल्याच दिवशी कचेरीचे साहेब म्हणाले, “पंख्याचं तोंड मशीनकडे ठेवायचं बरं का, बाई.”

गिरणीत एक पद्धत होती, घरच्या निरोपांची. आमच्या कामगारांचे निम्मे नातेवाईक मुंबईत नाहीतर भिवंडीत. तिथलं कुणी आजारी पडलं, बाळंत झालं, की मुंबईच्या कचेरीत जाऊन तिथल्या कारकुनाला निरोप सांगायचा. तो मशीनवर धाडायचा. मी तो मराठीत चिठ्ठीवर उतरवायची आणि शिपाई ती त्या-त्या खात्यात नेऊन द्यायचा. मात्र मालकांचं काम आधी. सकाळी भाव, मागण्या, कापडाच्या गाठींचे आकडे. घरचे निरोप संध्याकाळी पाचला, वायर मोकळी झाल्यावर. कुणी पाहुणा आला की साहेब त्याला वर आणून दाखवायचे, बघा, मालक कामगारांसाठी किती करतात. आणि मीही मान डोलवायची. तेव्हा मला त्यात काही खुपत नव्हतं.

आता मशीनबद्दल सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मला ते मिस्त्रींनी शिकवलं. मिस्त्री माढ्याकडचे, पन्नाशी उलटलेले, हातात कायम तेलाचं फडकं. शाळा चौथीपर्यंत, पण मशीनच्या पोटातला स्क्रू न स्क्रू त्यांना ठाऊक. ते म्हणाले, “बाई, वायरीत दोनच गोष्टी असत्यात. करंट हाय, न्हाईतर न्हाय. बाकी समदं आपल्या डोक्यात.”

प्रत्येक अक्षराचे पाच ठोके. एका ठोक्याला करंट असेल तर हाय, नसेल तर न्हाय. एन म्हणजे न्हाय, न्हाय, हाय, हाय, न्हाय. एम म्हणजे न्हाय, न्हाय, हाय, हाय, हाय. मिस्त्री हे बोटांवर म्हणून दाखवायचे आणि मी हसायची. पण महिन्याभरात सगळी अक्षरं मला तशीच पाठ झाली.

अडचण अशी की ठोके मोजायचं घड्याळ वायरीतून येत नाही. मुंबईची मोटर मुंबईत फिरते, आमची इथे. दोघींचा वेग एक असेल तरच इथला तिसरा ठोका तिथल्या तिसऱ्याशी जुळणार. म्हणून प्रत्येक अक्षराच्या आधी एक जादा ठोका येतो. तो सांगतो, हं, मोज आता. मग मशीन नव्याने मोजायला लागतं, पाच ठोके वाचतं, थांबतं, आणि पुढच्या अक्षराची वाट बघतं. मागच्या अक्षरात चुकलेलं माप पुढच्यात जात नाही. शिवाय मशीन प्रत्येक ठोक्याच्या बरोबर मधोमध वायरीत डोकावतं, त्यामुळे ठोका जरा लवकर आला, जरा लांबला, तरी बिघडत नाही. मशीन तेवढं सोसतं. किती सोसतं त्याला मात्र हद्द असते, आणि ती जवळ आली तरी मशीन तसं सांगत नाही. हद्दीच्या आत आहे तोवर अक्षर स्वच्छ छापतं. हद्द ओलांडली की दुसरंच अक्षर छापतं, तेही तितकंच स्वच्छ.

आमच्या मोटरीचा वेग तपासायला मिस्त्रींकडे एक चिमटा होता. वाजवला की एका ठरावीक वेगाने थरथरणारा, दोन्ही टोकांना फटीच्या पट्ट्या असलेला. मोटरीच्या चाकावर काळे-पांढरे पट्टे रंगवलेले होते. चिमटा वाजवून फटीतून त्या पट्ट्यांकडे बघायचं. पट्टे जागच्या जागी उभे दिसले तर वेग बरोबर. पुढे सरकताना दिसले तर मोटर जलद. त्यांनी मला एकदा बघायला दिलं होतं. गरागरा फिरणारं चाक, आणि पट्टे मात्र निवांत उभे. मी किती तरी वेळ डोळा काढला नव्हता.

तो चिमटा फेब्रुवारीत फरशीवर पडला आणि त्याची एक पट्टी वाकली. वाकलेल्या चिमट्याचा उपयोग शून्य. मिस्त्रींनी साहेबांकडे अर्ज केला. साहेब म्हणाले, मशीन छापतंय ना? मिस्त्री म्हणाले, छापतंय. मग चालतंय की. इतकी वर्षं मिस्त्री आहात, वेग कानाला कळत नाही?

मिस्त्रींनी तीनदा अर्ज केला. तिसऱ्यांदा साहेबांनी तो वाचलासुद्धा नाही, नुसता पेपरवेटखाली सरकवला. मिस्त्री वर येऊन मला म्हणाले, “आता कानानं बगायचं म्हनं. तुमी सांगा, कानाला पट्टे दिसत्यात व्हय?”

सकाळी मशीन गार असायचं. मुंबईहून रोज दहाला तपासणीची एक ओळ यायची, आर-वाय-आर-वाय, कागद भरेपर्यंत. ती अगदी स्वच्छ उमटायची. मी ‘ठीक’ म्हणून कळवायची आणि दिवस सुरू व्हायचा. दुपारी पत्रा तापला, मशीन तापलं, की मोटर किंचित पळायला लागायची. मोटर पळाली की पहिल्या ठोक्याला फरक केसाएवढा, दुसऱ्याला त्याच्या दुप्पट, असं करत पाचव्या ठोक्यापर्यंत मशीन मधोमध डोकावायच्या ऐवजी उंबऱ्यावरच डोकावायचं. त्यात उन्हाळ्यात आमच्या वायरीचं एक दुखणं असायचं, करंट सुटायला वेळ लावायचा. मिस्त्रींच्या भाषेत, हाय लांबतंय आणि न्हाय आखडतंय. म्हणजे चौथा ठोका हाय असेल तर त्याची शेपटी पाचव्यात लोंबायची, आणि घाईने डोकावणारं मशीन ती शेपटी बघून पाचवाही हायच म्हणायचं. अशा वेळी एनचा एम व्हायचा, आरचा जी, डीचा बी. अशी आणखी दोन-चार सोडली तर बाकीच्या अक्षरांना काहीच व्हायचं नाही. तेही रोज नाही, एखाद्या दुपारी, काही ओळी.

हे सगळं मी आता शहाण्यासारखं सांगतेय. तेव्हा मला इतकंच दिसायचं की संध्याकाळच्या कागदावर सीरियसचं सेगियस होतं, वाइंडिंगचं विम्बिम्ग होतं. आणि मी काय करायची? दुरुस्त करायची! मला त्याचा अभिमान होता. शिपाई म्हणायचा, बाईंना मोडकंतोडकं पण वाचता येतं. मी चिठ्ठीवर शुद्ध, सुबक मराठी उतरवायची आणि मशीनने केलेली घाण माझ्या टेबलावरच पुसून टाकायची. दोन महिने मी ते कुणाला सांगितलं नाही. मिस्त्रींना एकदा सहज म्हणाले, दुपारी जरा चुका येतात हं. ते म्हणाले, साहेबांना लिवून द्या. मी दिलं नाही. कशाला द्यायचं? मला कळत होतं की काय लिहिलंय ते. माझंही चालतच होतं.

आता ती. वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या कामावर होती, माझ्याच वयाची. आपल्या इथल्या तेलुगू विणकर घरातली, अशोक चौकाच्या अलीकडे राहायची. मराठी बोलायची आपल्यासारखंच, फक्त घाईत असली की वाक्याची सुरुवात तेलुगूत व्हायची. तिच्या बापाला पोटाच्या दुखण्यासाठी मुंबईला मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. तिचा भाऊ तिथे होता. तीन दिवस आधी त्याचा एक निरोप आला होता, तो मुंबईच्या कारकुनाने कधी नव्हे ते सकाळीच धाडला होता. नानाला दवाखान्यात ठेवलंय, काळजी नको. मी तो उतरवला, वहीत नोंदवला. ‘नाना’ हा शब्द माझ्याच अक्षरात त्या वहीत आहे.

मग तो बुधवार. बाहेर रस्त्यावर कुत्रं नव्हतं इतकं ऊन. पाचला मशीन खडखडलं. वर विम्बिम्ग खातं आणि तिचं नाव. खाली, मामा सेगियस, स्टागट इमेबियटली. मी नेहमीप्रमाणे मनातल्या मनात हसले. सेगियसचं सीरियस केलं, स्टागटचं स्टार्ट केलं, इमेबियटलीचं इमिजिएटली केलं, आणि चिठ्ठीवर लिहिलं: मामा सीरियस आहेत, ताबडतोब निघा. मामाला हात लावायचं काही कारणच नव्हतं. मामा हा चांगला, धड, शुद्धलेखनाला धरून असलेला शब्द होता.

शिपाई चिठ्ठी घेऊन खाली गेला आणि त्याने ती तिला वाचून दाखवली. ती खात्यातूनच रडत बाहेर पडली, असं तो येऊन म्हणाला. मी म्हटलं, अरेरे. आणि पंख्याजवळ बसून वही मिटली.

तेलुगूत बापाला नान्ना म्हणतात. भावाने सांगितलं तसं कारकुनाने इंग्रजीत एन-ए-एन-ए लिहिलं. आणि तेलुगूत मामा म्हणजे नुसता आईचा भाऊ नव्हे. सासऱ्यालाही मामाच म्हणतात. तिचा सासरा भिवंडीत, मागावर. म्हणजे आमच्या पाचव्या ठोक्याला दोनदा हायने न्हाय गिळलं आणि तिच्या बापाचा सासरा झाला.

नवरा-बायको त्याच संध्याकाळच्या गाडीने निघाले. तिच्या मनात होतं, आधी बापाला बघावं. पण बापाची काळजी नको असा निरोप होता, आणि सीरियस होता तो नवऱ्याचा बाप. सून म्हणून कुठे आधी जायचं हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. दोघं कल्याणला उतरले आणि भिवंडीला गेले. सासरा मागावर बसलेला, ठणठणीत, उलट विचारायला लागला की अशी अचानक कशी आलात. सगळे हसले. कुणीतरी गंमत केली असणार, असं ठरलं. सासूने थांबवून घेतलं, जेवायला केलं, आणि तीही सुटल्यासारखी होऊन पोटभर जेवली. हे जेवणाचं तिने स्वतः मला नंतर सांगितलं आणि सांगताना माझ्याकडे बघितलं नाही. त्याच दुपारी दवाखान्यात तिचा बाप गेला. शेवटपर्यंत तो तिच्याबद्दल विचारत होता. भावाने अंधार पडेपर्यंत तिची वाट पाहिली, मग इतरांनी त्याला थांबू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दवाखान्यात पोचली, तेव्हा त्या खाटेवर दुसराच माणूस होता.

मला हे काहीच ठाऊक नव्हतं. मला कळलं ते दोन आठवड्यांनी, साहेबांच्या टेबलासमोर.

ती दिवस करून परत आली, तर मस्टरवर तिच्या नावावर रेघ. कारण, खोटं सांगून रजा. चिठ्ठीत मामा सीरियस आणि मामा तर धडधाकट. हे भिवंडीच्या कुणा ओळखीच्या माणसाने साहेबांच्या कानावर घातलेलं. साहेबांनी मला बोलावलं ते फक्त चिठ्ठी माझीच ना, हे विचारायला. ती दाराशी भिंतीला टेकून उभी होती. कपाळ मोकळं नव्हतं, कुंकू होतं, पण चेहऱ्यावरचं सगळं कुणीतरी ओरबाडून नेलेलं. ती मला म्हणाली, “अक्का, माझा नान्ना गेला. यांना सांगा की तुमी, मी खोटं न्हाय बोलले.”

साहेब म्हणाले, “या लोकांचं नाना काय, मामा काय, आपल्याला काय कळतंय? स्वतःच घोटाळा करून घ्यायचा आणि रजा मागायची. बाई, चिठ्ठीत मामा आहे ना? मग झालं.”

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. बाप गेलेली बाई दारात उभी आणि हा माणूस पान लावत बसलेला! तिच्या भाषेत घोटाळा नव्हता. तिच्या भाषेत बापाला एक शब्द होता, तो भावाने बरोबर धाडला होता. घोटाळा आमच्या पत्र्याखाली झाला होता. मी तडक वर गेले.

आमच्या मशीनला एक जोड होती. छापता छापता ती एका कागदी पट्टीवर भोकंही पाडायची, ठोका हाय असेल तिथे भोक, न्हाय असेल तिथे कोरं. महिन्याभराच्या पट्ट्या मी खिळ्याला अडकवून ठेवायची. बुधवारची काढली. मिस्त्रींना हाक मारली. दोघं खिडकीशी उभे राहिलो आणि पट्टी उजेडात धरली. सेगियसच्या जीला पाचवं भोक. आरला ते नसतं. इमेबियटलीच्या बीला पाचवं भोक. डीला नसतं. मामाच्या दोन्ही एमना पाचवं भोक. वरच्या विम्बिम्गसकट एका निरोपात आठ चुका, आणि आठही पाचव्याच भोकाच्या.

मिस्त्रींनी पट्टी खाली घेतली. मग म्हणाले, “चिमटा असता तर मी उन्हाळा लागतानाच दावलं असतं, बाई. पट्टे पळताना दिसलं असतं.” मला त्यांचाही राग आला. तीन अर्जांवर का थांबले? चौथा का नाही केला, आरडाओरडा का नाही केला? आणि तोच प्रश्न मला कुणी विचारला असता तर?

मी पट्टी, छापील कागद आणि मिस्त्रींना घेऊन खाली आले. सगळं साहेबांपुढे मांडलं. साहेब मूर्ख नव्हते, ही तर खरी चीड आहे. त्यांना दोन मिनिटांत कळलं. चेहरा उतरला. पण उतरला तो वेगळ्याच कारणाने. त्यांनी तिला बाहेर थांबायला सांगितलं, दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला.

“बाई, हे असं वर कळवलं तर मुंबईवाले विचारणार, दोन महिने दुपारचं जेवढं आलं तेवढं सगळं तपासा. मग मिस्त्रींचे अर्ज निघणार. कशाला? तुम्ही असं करा, लिहून द्या की निरोप उतरवताना तुमच्या हातून चुकून नानाचं मामा झालं. माणसाच्या हातून चूक होते. मी आजच तिचं नाव मस्टरवर घेतो. मशीनचा विषयच नको.”

मी म्हटलं, “आणि चिमटा?”

“बघू की पुढच्या महिन्यात.”

“साहेब, मशीन आत्ता, या क्षणाला चुकतंय.”

“सकाळची आर-वाय बरोबर येते ना? मग चालतंय की!”

सकाळी मालकांचं काम यायचं, म्हणून सकाळचं बरोबर आलं की साहेबांचं भागत होतं. संध्याकाळी येणारं मरण, बाळंतपण, तापाची बातमी, ते सगळं तापल्या मशीनवर कसंही येवो. या पद्धतीला मी इतकी वर्षं मान डोलवत होते! मला तो पेपरवेट उचलून कुठेतरी भिरकावावासा वाटला. भिरकावला नाही. दाराबाहेर ती उभी होती आणि तिची नोकरी त्या कागदावर अडकली होती. मी लिहून दिलं. ‘माझ्या निष्काळजीपणामुळे.’ खाली सही. मिस्त्री भिंतीकडे बघत उभे होते. तासाभरात तिचं नाव मस्टरवर परत आलं, आणि माझ्या नोंदवहीत ताकीद आली.

मी घरी गेले ती फणफणतच. मनात मात्र कुठेतरी थंडावाही होता, खोटं कशाला बोलू. माझ्या अंगावर घेऊन मी तिला वाचवलं, हे मला छान वाटत होतं. दुसऱ्याची चूक आपल्या माथ्यावर घेणाऱ्या बाईचं कौतुक आपल्याकडे नेहमीच होतं. ते मी मनातल्या मनात स्वतःचंच करून घेत होते.

मशीन तसंच राहिलं. मी मात्र आता प्रत्येक निरोप मुंबईकडून दोनदा मागवायला लागले. त्यावरून साहेबांनी मला दोनदा बोलावून झापलं, वायर अडकते म्हणून. दीड महिन्याने मालकांची गाठींची एक मोठी मागणी सकाळऐवजी दुपारी आली, आकड्यांत. आकडे छापायचे असले की तेच मशीन तेच ठोके वापरतं, एनच्या जागी स्वल्पविराम आणि एमच्या जागी पूर्णविराम. मागणीतल्या हजारांच्या आकड्यातला स्वल्पविराम पूर्णविराम होऊन आला. हजारावरच्या गाठींची मागणी एका गाठीवर आली. मुंबईहून फोनवर आरडाओरडा झाला. दुसऱ्या दिवशी माणूस पाठवला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींच्या हातात कोरा करकरीत चिमटा होता. एका बाईच्या बापाच्या मरणाने जे झालं नाही ते एका टिंबाने झालं. मिस्त्रींनी तो वाजवला, चाकावरच्या पट्ट्यांकडे बघितलं, स्क्रू फिरवला, पुन्हा बघितलं. मला म्हणाले, “बगा, हुबे राह्यले.” मी नाही बघितलं. मला त्या चाकाकडे बघवेना.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ती पट्टी पर्समध्ये घातली आणि तिच्याकडे गेले. वाइंडिंग खात्याच्या मागे कडुलिंबाखाली बायका डबे घेऊन बसायच्या. आतापर्यंत मी तिला टाळलं होतं. आता सांगण्यासारखं काही होतं. मशीन नीट झालंय. चूक तिच्या घरच्यांची नव्हती, तिची नव्हती, साहेबांची होती, आणि मी सही केली ती फक्त तिच्यासाठी. तिने माझ्याइतकंच चिडावं अशी माझी इच्छा होती. खरं म्हणजे मला सोबत हवी होती.

मी तिला सगळं समजावलं. पट्टी उन्हात धरली. हे सेगियस, हे स्टागट, हे इमेबियटली. प्रत्येक ठिकाणी हे पाचवं भोक फुकटचं. तिने डबा बाजूला ठेवला, हात पदराला पुसले आणि भोकांवरून बोट फिरवत नीट ऐकून घेतलं. तिला वाचता येत नव्हतं, पण धाग्यातली गाठ शोधणारी बाई ती, मी दाखवण्याआधीच पुढचं चुकीचं भोक तिला सापडत होतं.

“हे असं वाकडंतिकडं आलं हुतं, समदं?” तिने विचारलं.

“सगळं.”

“आन तुमाला कळलं, ते काय हाय ते?”

“कळलं ना. इंग्रजी शब्द होते. मी नीट करून लिहिले.”

तिने पट्टीची गुंडाळी केली. मग तिने ती माझ्या हातात परत दिली. आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

“म्हंजे तुमाला ठावं हुतं की अक्का, मशीन चुकतंय म्हनून,” ती म्हणाली. “मग माझ्या मानसाचं तेवढं मला येऊन का न्हाय इचारलं? मी हितंच तर हुते. खाली.”

भोंगा झाला. बायका उठल्या. तिने डब्याचं झाकण लावलं, पदर खोचला आणि ती आत गेली. वरच्या खोलीपासून वाइंडिंग खात्याच्या दारापर्यंत जिन्याच्या बावीस पायऱ्या आणि एक अंगण आहे. मी त्या दिवशी वर जाताना मोजलं.